रोख पैसे, तरी आधी नाव सांगा

आमच्या मुरबाड तालुक्यात म्हसा नावाचं गाव आहे. पौष पौर्णिमेला तिथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते आणि तिच्याबरोबर गुरांचा मोठा बाजार. या बाजारात कोयता घ्यायचा असेल तर तुम्ही पात्यावरून बोट फिरवता, भाव करता, पैसे देता, कोयता पिशवीत. विकणाऱ्याने नाव-गाव विचारलं तर तुम्हीच चमकाल. "कशाला रे बाबा, स्थळ बघतोस काय?" पण तोच माणूस दहा पावलं पुढे जाऊन बैल घेतो तेव्हा मात्र पावती होते. विकणारा कोण, घेणारा कोण, गाव कुठलं, बैलाचा रंग कसा, शिंगं कशी. कारण बैल चालत घरी जाणार. वाटेत कुणी अडवलं तर तो चोरीचा नाही हे दाखवायला कागद हवा.

म्हणजे बाजारात नाव विचारतच नाहीत असं नाही. विचारतात, पण जिथे नावाचं काही काम असतं तिथेच. कोयत्याला काम नाही, बैलाला आहे. लिहून न ठेवलेला साधा नियम, पण सगळ्यांना पाठ.

आता ऑनलाइन दुकान बघा. वस्तू निवडली, टोपलीत टाकली, पैसे द्यायला निघालो की दारात एक पाटी आडवी येते : 'आधी खातं उघडा'. नाव, ईमेल, मोबाईल, जन्मतारीख (तीसुद्धा!), परवलीचा शब्द, तो पुन्हा एकदा, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह. अहो, मी पैसे द्यायला उभा आहे, मागायला नाही! हे दुकानदाराच्या डोक्यात आलं कुठून, आणि याआधी आपल्याकडे 'आधी नोंद, मग खरेदी' असं कुठे कुठे होतं, याचा शोध घ्यावा असं बरेच दिवस मनात होतं. तर मंडळी, त्याचीच ही जमवाजमव.

खातं म्हणजे उधारी

आधी हा 'खातं' शब्दच घेऊ. आपल्याकडे दुकानात ज्याचं खातं, तो उधारीचा गिऱ्हाईक. रोख देणाऱ्याला खातं नसायचं, लागायचंच नाही. वाण्याच्या लाल वहीत आपलं पान आहे याचा अर्थ त्याने आपल्यावर विश्वास टाकलाय. महिन्याच्या एक तारखेला पगार होईपर्यंत साखर-तेल त्याच्या भरवशावर. नाव सांगणं ही त्या विश्वासाची किंमत होती आणि ती रास्त होती. उद्या वसूल कुणाकडून करायचं हे त्याला कळायला नको?

पण या वहीचा दुसराही चेहरा आहे आणि आमच्या डोंगरपट्ट्यात तोच जास्त ओळखीचा. शहापूर-मुरबाडकडचे ठाकूर, कातकरी पावसाळ्याच्या तोंडाला घरातलं धान्य संपलं की सावकाराकडे जायचे. भात न्यायचं आणि सुगीला सवाईने नाहीतर दिढीने फेडायचं. म्हणजे मण नेलं तर सव्वा मण किंवा दीड मण परत. वही सावकाराची, अक्षर सावकाराचं, आणि आपला फक्त अंगठा. वहीत काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही जमीनदाराच्या घरी राबायची, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. वेठबिगारीविरुद्ध देशभराचा कायदा झाला तो १९७६ मध्ये. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही, माझ्या वडिलांच्या पिढीतली.

या वहीवर लोक किती चिडून होते हे बघायचं तर १८७५ साल आठवावं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि तिथून तो पुणे-नगरकडच्या गावोगावी पसरला. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणतात ते हेच. गंमत बघा, लोकांचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर जास्त होता. कर्जरोखे काढा, वह्या काढा, आणि जाळा. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यात शेतकऱ्याचे कर्जाचे कागद गावच्या सरकारी निबंधकासमोरच व्हावेत अशी तरतूद आली. आणि आणखी एक, मला फार महत्त्वाची वाटते ती : शेतकऱ्याने पैसे फेडले की त्याला पावती मिळाली पाहिजे आणि त्याच्या खात्याचा हिशेब त्याला लिहून मिळाला पाहिजे.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे एक गोष्ट मान्य झाली होती : ज्याच्या नावाने खातं आहे त्याला त्यातलं पान बघायचा हक्क आहे. आणि पैसे चुकते झाले की खातं बेबाक होतं. 'बेबाक' हा किती सुंदर शब्द आहे! देणंघेणं संपलं, रेघ मारली, आता तू तुझ्या वाटेने, मी माझ्या.

खातं म्हणजे रांगेतला नंबर

उधारीखेरीज नाव विचारायची दुसरी वेळ म्हणजे टंचाई. माल थोडा आणि तोंडं फार.

महायुद्धाच्या काळात, मे १९४३ मध्ये, मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. तेव्हापासून 'रेशन कार्ड' आपल्या घरातल्या देवाच्या फोटोमागे जाऊन बसलं ते बसलंच. कार्ड नुसतं असून भागत नसे, ते एका ठराविक दुकानाला जोडलेलं असायचं. त्या दुकानात तुमची नोंद, तिथेच तुमचा तांदूळ. खिशात रोख पैसे असले तरी नोंद नसेल तर दुकानदार हात हलवायचा. इथे तक्रारीला जागा नाही, कारण हिशेब नसेल तर एकाला दोनदा मिळेल आणि दुसऱ्याला एकदाही नाही.

हाच प्रकार पुढे गॅसच्या शेगडीला, टेलिफोनला आणि बजाजच्या स्कूटरला झाला. 'नंबर लावणे' हा वाक्प्रचार आमच्या घरात एखाद्या संस्कारासारखा वापरला जायचा. मुलगा कॉलेजात गेला, स्कूटरला नंबर लावा. नंबर येईपर्यंत मुलगा नोकरीला लागून त्याचं लग्नही झालेलं असायचं. माझ्या पिढीतल्या नातेवाईकांना हे सांगायला नको, लहान भाचरांसाठी सांगतोय. ती म्हणतील, 'म्हणजे पैसे होते आणि तरी वस्तू मिळत नव्हती?' होय बाळांनो, तसंच होतं.

पण टंचाईच्या नोंदणीत ज्याची नोंदच होत नाही तो बाहेर राहतो. आमच्याकडचे कातकरी याचं उदाहरण. सरकारी यादीत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती सगळ्यात नाजूक अवस्थेतल्या म्हणून धरल्या आहेत त्यांतली ही एक. दिवाळीनंतर ही कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. भट्टी भिवंडीकडे, नाहीतर आणखी लांब, आणि कार्डाचं दुकान गावात. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने कार्ड एकीकडे आणि पोट दुसरीकडे. कार्ड होतं त्यांची ही गत, ज्यांचं कार्डच नव्हतं त्यांची तर गोष्टच सोडा. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून 'एक देश, एक रेशन कार्ड' सुरू झालं. तेव्हा कुठे कार्डाला पाय फुटले. आता दुकानात अंगठ्याचं यंत्र आहे. पूर्वी अंगठा वहीत उमटायचा, आता काचेवर. भट्टीवर विटा हाताळून बोटाच्या रेषा झिजल्या की यंत्र काही वेळा ओळखत नाही, आणि रेंज गेली की ते कुणालाच ओळखत नाही.

हे मुद्दाम लिहितोय. शहरात बसून आपल्याला 'नोंदणी' म्हणजे दोन मिनिटांचा वैताग वाटतो. पण नोंदणी ही एक भिंत असते आणि तिची उंची प्रत्येकासाठी वेगळी असते.

खातं म्हणजे परवाना

तिसरी वेळ परवानगीची. इथे माल असतो, पैसे असतात, पण 'तू घ्यायला लायक आहेस का' हे आधी ठरतं.

दारूचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, कोणी कबूल करो न करो. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. बंदी पुढे सैल झाली, पण दारू विकत घ्यायला आणि प्यायला परवाना लागतो हे कागदोपत्री आपल्याकडे राहिलंच. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं ते त्यामुळे. आत बसलेल्या किती जणांच्या खिशात परमिट असतं हा प्रश्न विचारू नये. आपल्याकडे नोंदणीची सक्ती फार झाली की लोक ती गांभीर्याने घेणं सोडून देतात, एवढंच यातून लक्षात ठेवू.

दुसरं उदाहरण आमच्या तालुक्याच्या जिव्हाळ्याचं, म्हणजे जमीन. मुंबईकरांना शनिवार-रविवारसाठी डोंगराच्या पायथ्याशी अर्धा-एक एकर हवी असते, आणि मुरबाड-शहापूर जवळ पडतं. पण १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. शेतजमीन घ्यायची तर तुम्ही आधी शेतकरी असायला हवं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. मग लोक आजोळच्या, पणजोबांच्या सातबाऱ्यावर आपलं नाव कुठे निघतंय का ते शोधत तलाठ्याकडे खेटे घालतात. 'खातेदार' असल्याशिवाय जमीन नाही आणि जमीन असल्याशिवाय खातेदार नाही, असा हा फेरा. ऐकायला हसू येतं, पण त्यामागे कारण आहे. कसणाऱ्याच्या हातून जमीन पैसेवाल्याकडे सरकू नये म्हणून ती भिंत घातली. आदिवासींची जमीन बिगर आदिवासींनी परवानगीवाचून घेऊ नये असा जो निर्बंध जमीन महसूल कायद्यात आहे, तो तर आमच्याकडे नसता तर काय उरलं असतं कोण जाणे.

तर हे तीन प्रकार झाले. उधारी, टंचाई, परवानगी. तिन्हींत नाव विचारायला कारण आहे. बैलाची पावती धरली तर चौथं कारण मालकीचा पुरावा. आता ऑनलाइन दुकान यातल्या कशात बसतं? उधारी नाही, पैसे तर आधीच घेतात. टंचाई नाही, गोदामं भरून वाहताहेत. परवानगी नाही, स्टीलच्या डब्याला कसला परवाना? मालकीचा पुरावा म्हणाल तर बिल पुरतं.

पण माल घरी पाठवायचा म्हणजे...

इथे कोणीतरी म्हणेल, 'अरे, पण पत्ता नको का? पार्सल कुणाच्या दारात टाकायचं?'

बरोबर आहे. पण त्याला उत्तरही आपल्याच इतिहासात आहे. व्ही.पी.पी.! भारतीय टपाल खात्याने ही सोय १८७७ मध्ये सुरू केली. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाला एक पोस्टकार्ड टाकायचं : अमुक पुस्तक पाठवावे, नाव, पत्ता, कळावे. पंधरा दिवसांत पोस्टमन पुडकं घेऊन दारात. पैसे त्याच्या हातात द्यायचे, पुडकं घ्यायचं, पैसे मनिऑर्डरीने प्रकाशकाकडे जायचे. पुस्तकंच काय, घड्याळं, औषधं, बियाणं, सगळं यायचं. घेणाऱ्याने विकणाऱ्याला आयुष्यात पाहिलेलं नसायचं, विकणाऱ्याने घेणाऱ्याला. फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'माल हातात आल्यावर पैसे' ही सोय आणली तेव्हा केवढं कौतुक झालं. अहो, पोस्टमन ते सव्वाशे वर्षांपासून करत होता.

त्या पोस्टकार्डावरही नाव-पत्ता होताच की. पण तो त्या एका पुडक्यापुरता. पुडकं पोचलं, पैसे मिळाले, काम संपलं. परवलीचा शब्द नाही, जन्मतारीख नाही. प्रकाशकाने फारतर पत्ता वहीत टिपून पुढच्या वर्षी सूचीपत्र पाठवलं, तर ते आपल्याला आवडायचंच. पत्ता देणं आणि खातं उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑनलाइन दुकानांनी त्या एकात एक मिसळून टाकल्या.

बरं, यंत्राची काही अडचण होती म्हणावं तर तसंही नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरपुढे हाच प्रश्न आला होता. महाजालावरच्या पानाला स्मरणशक्ती नसते. तुम्ही एका पानावर वस्तू टोपलीत टाकली आणि दुसऱ्या पानावर गेलात की दुकान तुम्हाला विसरून जातं. आणि अर्धवट भरलेल्या टोपल्या आपल्या संगणकावर सांभाळत बसायला दुकान तयार नव्हतं. त्याने तोडगा काढला तो 'कुकी'चा. दुकान तुमच्याच ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवतं आणि पुढच्या पानावर ती बघून टोपली ओळखतं. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तसंच. बिल्ल्यावर नंबर असतो, नाव नसतं. परत येऊन बिल्ला दिला की चपला मिळतात (देवाची कृपा असेल तर आपल्याच!). पुढे जाहिरातवाल्यांनी याच बिल्ल्यातून आपला माग काढायला सुरुवात केली ती गोष्ट वेगळी. पण टोपली सांभाळायला खातं लागत नाही, हे ऑनलाइन दुकानदारीच्या अगदी सुरुवातीलाच सिद्ध झालं होतं.

मग खातं आलं कशासाठी? तर गिऱ्हाईक परत यावं म्हणून. ॲमेझॉनने १९९७ मध्ये अर्ज करून १९९९ मध्ये 'एका क्लिकमध्ये खरेदी'चं पेटंट मिळवलं. पत्ता आणि कार्ड आधीच साठवलेलं असेल तर एकच बटण दाबायचं. २०१७ पर्यंत ते पेटंट चाललं. वारंवार येणाऱ्या गिऱ्हाइकाला याचा फायदा आहे, मी नाकारत नाही. मी स्वतः दोन-तीन ठिकाणी खातं ठेवून आहे आणि जुन्या खरेदीची यादी बघायला मला बरं वाटतं. पण या सोयीची सक्ती झाली, आणि एकदाच यायचं असलेल्या माणसालाही दारात अडवायला लागले.

आपल्याकडे रेल्वेचं तिकीट ऑनलाइन मिळायला लागलं ते ऑगस्ट २००२ पासून, आणि तिथेही आधी सदस्यनोंदणी. मुरबाडला रेल्वे नाही, पण तिकिटं तर काढावी लागतातच, त्यामुळे आमच्याकडच्या कितीतरी जणांच्या आयुष्यातलं पहिलं ऑनलाइन खातं तेच असावं. रेल्वेची गोष्ट थोडी वेगळी, हे मान्य. आरक्षणाला नाव-वय खिडकीवरच्या फॉर्मातही लिहावंच लागतं, आणि तिकिटांचा काळाबाजार आहे, म्हणजे टंचाई आहे. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी लागू झाली ती त्याच कारणाने. तिथे नोंद समजू शकतो. पण हीच पद्धत बरणीच्या झाकणापर्यंत का यावी?

तीस कोटींचं बटण

गंमत म्हणजे यात दुकानदाराचंही नुकसान आहे. जेरेड स्पूल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने २००९ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची हकीकत लिहिली. दुकानाचं नाव त्याने दिलं नाही. पैसे भरायच्या आधी तिथे लॉगिन नाहीतर नोंदणी, असा फॉर्म होता. दुकानाला वाटायचं, नव्या माणसाला एकदाच त्रास, पुढे आराम. प्रत्यक्षात नवे वैतागत होते आणि जुन्यांना आपण कोणत्या ईमेलने नोंद केली होती तेच आठवत नव्हतं. ४५ टक्के गिऱ्हाइकांची एकाहून जास्त खाती होती, काहींची तर दहापर्यंत. 'परवलीचा शब्द विसरलो' म्हणणाऱ्या विनंत्या रोज एक लाख साठ हजार, आणि त्यातले ७५ टक्के लोक पुढे खरेदी पूर्णच करत नव्हते.

त्यांनी काय केलं? नोंदणीच्या जागी 'पुढे जा' असं बटण ठेवलं आणि खाली लिहिलं की खरेदीसाठी खातं लागत नाही, हवं असल्यास नंतर उघडा. खरेदी ४५ टक्क्यांनी वाढली. पहिल्या वर्षी तीस कोटी डॉलरची जास्त विक्री. एका बटणाने!

मावशीची जाळी

हे आकडे मला कोरडे वाटले असते, पण मध्यंतरी मावशीची गोष्ट झाली. मावशी टोकावड्याकडे राहते. घरघंटीवर शेजारपाजारचं दळण दळून देते, त्यावर तिचा भाजीपाल्याचा खर्च निघतो. घंटीची जाळी फाटली. मुरबाडला त्या मापाची मिळेना. कोणीतरी तिला मोबाईलवर एका दुकानाच्या संकेतस्थळावर ती शोधून दिली. किंमत पटली, पैसे देता येत होते, भाचीसुनेने तेवढं शिकवलं होतं. पण खातं उघडल्याशिवाय पुढे जाता येईना. ईमेल मागितला. फोन घेतला तेव्हा मुलाने काहीतरी ईमेल काढून दिला होता, त्याचा परवलीचा शब्द कोणालाच माहीत नाही. पडताळणीचा आकडा त्या ईमेलवर जाणार. मुलगा भिवंडीच्या गोदामात रात्रपाळीला, फोन बंद. दोन दिवस खटपट करून तिने नाद सोडला.

मला फोनवर म्हणाली, "पैसे मी देतेय ना रे? मग माझीच ओळख कशाला पटवून देऊ? उलट त्यांनी मला द्यायला हवी, मी कुठे त्यांना बघितलंय!"

शेवटी मी कल्याणच्या एका दुकानाचा नंबर मिळवून दिला. दुकानदाराने फोनवर एवढंच विचारलं, "घंटी कुठली आणि जाळी किती नंबरची?" दुसऱ्या दिवशी ओळखीच्या माणसाबरोबर एस.टी.ने जाळी पोचली. मधले पाच दिवस दळण बंद होतं. त्या पाच दिवसांचे पैसे कुठल्याही आकडेवारीत दिसणार नाहीत.

तिचा प्रश्न मला साधा वाटत नाही. परक्या ठिकाणी पैसे आधी देणारा जास्त जोखीम घेतो. विश्वास तो टाकतो. वाण्याच्या वहीत विश्वास टाकणारा नाव विचारायचा. इथे विश्वास टाकणाऱ्यालाच नाव विचारतात. वही तीच, पण उलटी धरलेली.

आता कायदा काय म्हणतो

बाकी जगातही हा प्रश्न पडलाय. मार्च २०२२ मध्ये जर्मनीतल्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांच्या परिषदेने सांगितलं की ऑनलाइन दुकानांनी मुळात पाहुणा म्हणून खरेदीची वाट ठेवलीच पाहिजे. मार्च २०२४ मध्ये फिनलंडमधल्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानाला ८ लाख ५६ हजार युरोचा दंड झाला. खात्यातली माहिती किती दिवस ठेवणार हे ठरवलंच नव्हतं म्हणून दंड, आणि खरेदीसाठी खातं उघडायची सक्तीही बेकायदा ठरली.

आपल्याकडे मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने साध्या दुकानदारांनाही बजावलं की बिलासाठी गिऱ्हाइकाच्या मोबाईल नंबरचा हट्ट धरू नका. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फसव्या रचनांविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातल्या तेरा प्रकारांत 'जबरदस्तीची कृती' हा एक आहे : मूळ खरेदीशी संबंध नसलेली गोष्ट करायला किंवा गरज नसलेली वैयक्तिक माहिती द्यायला ग्राहकाला भाग पाडणं. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तत्त्व असं आहे की ज्या कामासाठी माहिती घेता, त्याला लागते तेवढ्यापुरतीच संमती धरली जाईल. माहिती पुसून टाका म्हणायचा हक्कही त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत.

कायदे होतील, पाळले जातील तेव्हा जातील. पण मला या सगळ्यात १८७९ च्या त्या जुन्या तरतुदीची आठवण येते. तेव्हाही सरकारने वही बंद करा म्हटलं नव्हतं. वही राहू दे, पण ज्याचं नाव आहे त्याला त्याचं पान दाखव आणि देणं फिटलं की पावती दे, एवढंच म्हटलं होतं. आपल्या आजच्या खात्यांना नेमकी हीच गोष्ट नाही. पैसे चुकते झाले, वस्तू घरी आली, वापरून मोडलीसुद्धा, तरी खातं चालूच. आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख त्या वहीत पडून. उघडायचं बटण केवढं मोठं आणि बंद करायचं शोधूनही सापडत नाही.

म्हणून माझं मागणं दोनच ओळींचं आहे. रोख देणाऱ्याला नाव विचारू नका, माल पोचवायला लागेल तेवढा पत्ता घ्या. आणि ज्याने हौसेने किंवा सोयीसाठी खातं उघडलं, त्याला ते बेबाक करून मागता आलं पाहिजे, वाण्याकडे मागायचो तसं, एका वाक्यात.

असो. माझ्या नातेवाइकांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर जुन्या वह्या, पावत्या, व्ही.पी.पी.ची पुडकी, स्कूटरच्या नंबराचे कागद पडले असतील तर टाकून देऊ नका. मला कळवा. मी येऊन बघून जाईन, आणि नाव न विचारता चहा द्याल ही खात्री आहेच.